वजनाच्या ऑपरेशनची तारीख मिळाली? मग या चुका टाळा

बॅरिॲट्रिक सर्जरीची, म्हणजे वजन कमी करायच्या ऑपरेशनची, तारीख मिळाली की घरातली माणसं निर्धास्त होतात. आता पुढचं डॉक्टर बघतील, आपण बॅग भरायची एवढंच. स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढणं) असो की बायपास (छोटं केलेलं जठर थेट आतड्याला जोडणं), दुर्बिणीतून होणारं हे ऑपरेशन साधारण एक-दोन तासांचं. पण ते सोपं जाणार की अवघड, हे आधीच्या दोन-तीन महिन्यांत आपल्याच स्वयंपाकघरात ठरत असतं. आहारतज्ज्ञ म्हणून कोकणातल्या पेशंटांच्या ज्या चुका मला पुन्हा पुन्हा दिसतात, त्या इथे लिहिते.

‘एकदा मनसोक्त खाऊन घेतो’

श्रावण लागायच्या आधी गटारी करावी, तशी काही जण ऑपरेशनआधी ‘शेवटची’ जेवणं करतात. कोंबडी-वडे होतात, तळलेली सुरमई होते, मित्रांबरोबर बसणं होतं. याचा फटका बसतो तो यकृताला. यकृताचा डावा भाग जठरावर पांघरुणासारखा असतो आणि जठरापर्यंत पोचायला सर्जनला तो उचलून धरावा लागतो. लठ्ठपणात यकृत बहुतेक वेळा चरबीनं फुगलेलं असतं. ते जड, ठिसूळ झालेलं असेल तर उचलताना रक्तस्राव होतो. कधी दुर्बीण सोडून पोट उघडावं लागतं, कधी ऑपरेशनच पुढे ढकलावं लागतं.

म्हणून आधीचे सुमारे दोन आठवडे कमी कॅलरीचा, कमी पिष्टाचा आणि भरपूर प्रथिनांचा आहार देतात. यकृतातली साखर आणि तिच्यासोबतचं पाणी निघून जातं, ते आकसतं. नेमक्या याच दिवसांत गटारी केली तर सगळं मुसळ केरात.

‘मी तर नुसती पेजच घेते’

हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येतं. पेज पचायला हलकी, आजारपणातली, हे खरं. पण ती शेवटी भातच. या दोन आठवड्यांत टाळायचं ते पिष्ट तिच्यात पुरेपूर, आणि प्रथिनं नावाला. घावणे, आंबोळीचंही तेच. साखर घातलेलं कोकम सरबत दिवसातून तीनदा घेतलं तर तो चक्क गोड पदार्थ झाला. सोलकढीत नारळाचं दूध असतं, म्हणजे चरबी.

मासे खाणाऱ्यांना खरं तर हे सोपं आहे. भाजलेला बांगडा किंवा कमी खोबऱ्याचं तिखलं उत्तम. रवा लावून तळलेलं नको. अडचण येते पावसाळ्यात. होड्या बंद, ताजी मासळी नाही, मग सुक्या मासळीवर भागवतात. तिच्यात मीठ फार, त्यामुळे ब्लडप्रेशरवाल्यांनी जपून. त्यात श्रावण आला की मासे, अंडी सगळंच बंद. मग दही, पनीर, मुगाची उसळ आणि घट्ट कुळथाची पिठी, पण भाताशिवाय. संकष्टीचा उपास करायचाच असेल तर साबुदाण्याला सुट्टी द्या. देव रागावणार नाही, सर्जन मात्र रागावेल.

गोळ्या त्याच, आहार बदललेला

मधुमेहींनी हा भाग नीट वाचावा. जेवण निम्म्यावर आलं आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी आधीच्याच मात्रेत चालू राहिली, तर साखर धोकादायक खाली जाते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटाच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. कमी पिष्टाच्या आहारात त्यांनी रक्तात आम्ल साठू शकतं, तेही साखर फारशी वाढलेली नसताना. या गोळ्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी थांबवतात. कोणती गोळी कधी बंद करायची, हे आहार सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. स्वतःच्या मनानं काही सोडू नका. वजन कमी करायचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, वैद्यांचं चूर्ण, हेही भूलतज्ज्ञांना सांगायचं.

मिश्री

‘तंबाखू खाता का?’ ‘छे!’ आणि सकाळी दाताला मिश्री. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यातलं निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, टाके भरायला वेळ लागतो, आणि बायपासनंतर जोडाच्या जागी अल्सर होतो. विडी असो की मिश्री, निदान सहा आठवडे आधी बंद, आणि नंतरही परत हात लावायचा नाही. सासूसमोर विचारलं तर बायका सांगत नाहीत, म्हणून मी एकटीला बसवून विचारते.

विम्याचं गणित

डॉक्टरांचा निकष आणि विमा कंपनीचा निकष एक नसतो. भारतात डॉक्टर बरेचदा बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) ३७.५ च्या पुढे, किंवा मधुमेहासारखा आजार असेल तर ३२.५ च्या पुढे ऑपरेशनचा विचार करतात. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशी आशियाई लोकांसाठी त्याहूनही खाली येतात. विमा पॉलिसीत मात्र सहसा ४०, किंवा ३५ आणि सोबत अनियंत्रित मधुमेह, तीव्र स्लीप ॲप्निया (घोरणं आणि झोपेत श्वास अडणं), हृदयविकार यांपैकी काही, अशी अट असते. उंची १६० सेंटिमीटर असेल तर ३५ म्हणजे सुमारे ९० किलो. म्हणजे ८८ किलोची मधुमेही बाई डॉक्टरांच्या लेखी पात्र, विम्याच्या लेखी नाही. पॉलिसी घेतल्यानंतरचा प्रतीक्षा काळ संपलाय का तेही बघा. आधी केलेल्या डाएटच्या नोंदी टाकून देऊ नका. इतर उपाय फसल्याचा पुरावा मागतात.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

दाढा पडल्या असतील तर दाताच्या डॉक्टरांकडे आधी जा. पुढे प्रत्येक घास चावून लगदा करायचाय. घोरणं लपवू नका. ऑपरेशनच्या सकाळी ‘अर्धा कप चहा’ नको. दूध घातलेला चहा भूलतज्ज्ञ खाण्यातच धरतात. आणि मूल हवं असलेल्यांनी पुढचे बारा ते अठरा महिने थांबायचं असतं. वजन उतरलं की गर्भधारणा पटकन होते, तेव्हा गर्भनिरोधक साधनाबद्दल आधीच बोला.

‘गणपतीच्या आत उरकून टाकू’

ही तारीख मी तरी सुचवणार नाही. ऑपरेशननंतरचे पहिले दोन आठवडे पातळ पदार्थांचे. घरात चाकरमानी आलेले, मोदकांचा घाणा चालू, आणि ऑपरेशन झालेली बाईच चुलीशी उभी! शिवाय पावसात कोल्हापूरकडे जाणारा आंबा घाट किंवा करूळ घाट कधी बंद होईल सांगता येत नाही. जठराच्या टाक्यांतून गळती झाली तर ती बहुधा पहिल्या काही दिवसांत ते आठवड्यांत कळते. नाडी सतत १२० च्या वर, ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं, धाप लागणं, याला गॅस समजून ओवा चावत बसू नका. मुंबई किंवा कोल्हापूरला ऑपरेशन असेल तर डिस्चार्जनंतर किती दिवस जवळपास राहायचं हे सर्जनला विचारा. परतीच्या प्रवासात वरचेवर गाडी थांबवून चाला, नाहीतर पायात रक्ताची गुठळी होऊ शकते.

गावातल्या डॉक्टरांना जाण्याआधीच भेटा आणि परतल्यावर डिस्चार्ज कार्डाची प्रत द्या. एक गोष्ट आवर्जून सांगा: ऑपरेशननंतर सतत उलट्या होऊन तुम्ही त्यांच्याकडे गेलात, तर नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावायचं नाही. अशा वेळी शरीरातलं थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) संपत आलेलं असतं आणि थायमिनशिवाय ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते. आधी थायमिनचं इंजेक्शन, मग ग्लुकोज. कार्डाच्या पहिल्याच पानावर हे सर्जनकडून लिहून घ्या, आणि खाली रात्री-अपरात्री उचलला जाईल असा त्यांचा फोन नंबर.