थ्री-जेएसमध्ये (ब्राउझरमध्ये थ्रीडी चित्रं दाखवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) लाटा हलवताना टॅब जड होतोय? हे करून बघा

पाण्याची लाट दाखवायला दर फ्रेमला नवी बफर-जॉमेट्री (आकाराच्या बिंदूंचा साठा) बनवताय ना, तिथेच सगळं अडकतं, जुनी डिस्पोज केली नाही, म्हणजे मोकळी केली नाही, तर जीपीयूची (ग्राफिक्सच्या चिपची) मेमरी भरत जाते आणि थोड्या वेळात फोन तापतो.

१. जॉमेट्री एकदाच बनवा. १०० बाय १०० भागांचं प्लेन म्हणजे १०१ × १०१, एकूण १०,२०१ बिंदू.
२. पोझिशनच्या अ‍ॅरेची (बिंदूंच्या जागांच्या यादीची) एक कॉपी सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवा, उंची कायम त्या मूळ एक्स-वायवरूनच काढायची, आधीच्या फ्रेममध्ये भर घालत गेलात की आकार हळूहळू बिघडतो.
३. लूपमध्ये फक्त झेड (म्हणजे उंची) बदला, साइन घ्या एक्स अधिक वेळ याचा, आणि मग पोझिशनचं नीड्स-अपडेट ट्रू करा. ही ओळ राहिली तर स्क्रीनवर काहीच हलत नाही, एररपण येत नाही, माणूस तासभर शोधत बसतो.
४. उजेड सपाट दिसला तर कम्प्यूट-व्हर्टेक्स-नॉर्मल्स चालवा, पृष्ठभागाचं तोंड कुठे आहे ते प्रत्येक बिंदूपाशी पुन्हा काढणारं फंक्शन.

एक मात्र सांभाळा, बाउंडिंग स्फिअर (आकाराला वेढणारा काल्पनिक गोल, वस्तू कॅमेऱ्यात दिसते का हे त्यावरूनच ठरतं) आपोआप नवा होत नाही, त्यामुळे लाट उंच गेली की कॅमेऱ्याच्या कडेला अख्खा मेश (म्हणजे लाटेची ती वस्तू) गायब होतो, अशा वेळी त्या मेशचं फ्रस्टम-कल्ड (नजरेबाहेरचं न काढण्याची सेटिंग) फॉल्स करून टाका.