कोरड्या खोकल्यावर ज्येष्ठमधाचा काढा

ज्येष्ठमधाची काडी खलबत्त्यात भरड कुटा. बारीक पूड नको. ती तळाला बसून करपते आणि काढा गाळतानाही त्रास देते. एक चमचा भरड दोन कप पाण्यात अर्धा तास भिजवा, मग झाकण न ठेवता मंद आचेवर अर्धा कप उरेपर्यंत आटवा. घाईने मोठ्या आचेवर पाणी उडते, अर्क उतरत नाही. तुळशीची पाने घालायची तर गॅस बंद केल्यावर घालून झाका, नाहीतर सुगंधी तेल वाफेबरोबर जाते. गाळून कोमटच, घोट घोट घ्या. साखर कशाला, काडीच गोड असते!

तीन-चार दिवस पुरे. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटते. म्हणून उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार किंवा गरोदरपण असल्यास टाळा. धाप लागली, खोकल्यातून रक्त आले तर थेट डॉक्टरांकडे जा.