नवीन सिस्टर वॉर्डला आली की सीनियरने काय करायचं

जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालं, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात पडलं की पोरगी थेट वॉर्डात येते, आणि बऱ्याच ठिकाणी स्टाफ कमी म्हणून दोन-चार दिवसांतच तिला एकटीला पेशंट देऊन टाकतात. स्टाफ कमी आहे हे खरंय, पण म्हणूनच ती टिकली पाहिजे ना.

तिला आधी एक ठरलेली सीनियर द्या. "काही अडलं तर कुणालाही विचार" म्हटलं की ती कुणालाच विचारत नाही. रोस्टर लावतानाच दोघींची ड्युटी एकत्र टाका, निदान पहिला महिना, आणि तोवर नाइट एकटीला नकोच.

ओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती देणं, बेडपाशी उभं राहून द्यायला लावा, नर्सिंग स्टेशनवर बसून नाही. सलाइन कितवं चाललंय, युरिन किती झाली, कुठले रिपोर्ट यायचेत, हे तिला तिच्या वेगाने बोलू द्या, राहिलं ते शेवटी विचारा.

औषधांना मात्र वेळ काढाच. इन्सुलिनच्या दोन्ही सिरिंज तिच्या हातात द्या, लाल टोपीची 40 च्या (एका एमएलमध्ये 40 युनिट) वायलसाठी, केशरी टोपीची 100 च्या, आणि 100 ची वायल लाल टोपीच्या सिरिंजने भरली तर डोस अडीचपट जातो हे तिच्याकडूनच हिशोब करून काढून घ्या, म्हणजे डोक्यात बसतं. पोटॅशियम क्लोराइडचा अँप्युल तसाच शिरेत कधीच द्यायचा नाही, डायल्यूट करून सावकाश द्यायचा आणि भरताना दुसरी सिस्टर बाजूला पाहिजे म्हणजे पाहिजेच. 500 एमएल आठ तासांत द्यायचं असेल तर एमएलला 20 थेंबांच्या सेटवर मिनिटाला साधारण 21 थेंब येतात, ते घड्याळ लावून तिला मोजू द्या.

रात्री डॉक्टरांना फोन करायला नवीन मुली फार घाबरतात, आणि त्यात पेशंटचा वेळ जातो. फोनआधी बीपी, पल्स, सॅच्युरेशन, नेमकं काय बदललं आणि आपल्याला काय हवंय हे कागदावर लिहायला सांगा, सुरुवातीला बाजूला उभ्या राहा. फोनवरची ऑर्डर मोठ्याने परत म्हणून खात्री करायची, लिहायची, नंतर सही घ्यायची.

सुई टोचली तर काय करायचं हे पहिल्याच दिवशी सांगा, कारण ओरडा बसेल म्हणून मुली लपवतात. जागा दाबायची नाही, साबण-पाण्याने धुवायची, लगेच इन्चार्जला सांगायचं. पीईपी, म्हणजे एचआयव्हीची लागण टाळायची औषधं, लागणार असेल तर शक्यतो दोन तासांत, फार तर 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवं. सांगायला आली की आधी तिला धीर द्या, इन्सिडंट फॉर्म नंतर भरता येतो.

चूक दाखवायची ती ड्रेसिंग रूममध्ये नेऊन, पेशंटसमोर कधीच नाही. आणि नातेवाईक तिच्या अंगावर धावून आले तर तिला मागे घ्या, बोलायला तुम्ही पुढे व्हा.