पिनो ग्रीजो घ्यावी की सोआवे?

इटालियन पांढरी वाइन मागितली की पुण्यातला दुकानदार बहुतेक वेळा पिनो ग्रीजोच पुढे करतो. जरा बऱ्या दुकानात खालच्या फळीवर सोआवेही सापडते. दोन्ही कोरड्या, म्हणजे गोडवा नसलेल्या, आणि दोन्ही इटलीच्या ईशान्येकडच्या. फरक काय म्हणून विचारलं तर कर्वे रोडच्या एका काउंटरवर मला उत्तर मिळालं, "ही जास्त जाते, काका." आता त्या उत्तरावर बाटली कशी निवडायची?

मी मूळचा तासगावचा. तिकडची तीन एकर द्राक्षबाग आता भाऊ बघतो, मी कोथरूडात. पण ग्लास हातात आला की माझं डोकं आधी बागेत जातं, आणि निवड करताना उपयोग होतो तो त्याचाच.

पिनो ग्रीजो हे द्राक्षाचं नाव आणि सोआवे हे गावाचं, इथून सुरुवात करू. पिनो न्वार या काळ्या द्राक्षाच्या वेलीत कधीतरी रंग बदलला आणि ही जात निघाली. आमच्याकडे थॉमसन या बिनबियांच्या द्राक्षाच्या बागेत वेगळी दिसलेली काडी जपून ‘तास-ए-गणेश’ ही जात झाली, तसाच प्रकार. घड लहान आणि गच्च, मणी राखाडी-गुलाबी. ‘ग्रीजो’ म्हणजे राखाडीच. रस सालीबरोबर ठेवला तर वाइनला तांब्याची झाक येते. फ्रिउली भागात तिला रामातो म्हणतात. सांता मार्गेरिता या कंपनीने 1961 मध्ये रस सालीपासून लगेच वेगळा करून ती पांढरीशुभ्र काढली आणि पुढे जगभर तीच पद्धत चालली. आंबटपणा टिकावा म्हणून द्राक्ष लवकर उतरवतात, रस स्टीलच्या टाकीत थंड आंबवतात. चवीला लिंबू, नासपती, हिरवं सफरचंद. घोट गिळला की चव संपली. हा दोष म्हणून सांगत नाही, पुष्कळदा तेच हवं असतं.

सोआवे हे वेरोनाच्या पूर्वेला, किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेलं गाव. तिथलं द्राक्ष गार्गानेगा. वाइनमध्ये ते किमान 70 टक्के असावं लागतं. घड लांब आणि मोकळा, पिकायला उशीर, काढणी ऑक्टोबरपर्यंत लांबते. वेल चढवतात ती मांडवावर! तिथला मांडव एका बाजूने कलता असतो, पण फोटो पाहून भाऊ म्हणाला, "हे तर आपल्यासारखंच की." (छाटणी मात्र त्यांची वर्षातून एकदाच. त्यांची वेल थंडीत झोपते, आपली झोपतच नाही, म्हणून आपल्याला एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्या.) गावामागच्या टेकड्यांवर पुष्कळ ठिकाणी ज्वालामुखीचा काळा दगड आहे, वेताळ टेकडीवर पायाखाली येतो त्याच जातकुळीचा बेसॉल्ट.

गार्गानेगाची खोड एकच: मोकळी सोडली तर माल बेसुमार देते. सपाटीच्या कसदार जमिनीत घड लादून घेतले की रस पाणचट होतो. टेकडीवरच्या, बेताच्या मालातून आलेल्या वाइनला पिकलेल्या पीचचा वास असतो, अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा दाटपणा, जरा भरीव असतं आणि शेवटी बारीकसा कडवटपणा रेंगाळतो. आमच्या व्याह्यांनी पहिला घोट घेतला आणि म्हणाले, "अहो, ही उतरलीय का? कडू लागतेय." मी त्यांना सालीसकट एक बदाम चावायला दिला आणि मग दुसरा घोट घ्यायला सांगितला. दोन्हीकडचा कडवटपणा एकच निघाला. तुम्हीही आधी बदाम चावून बघा. तो कडवटपणा आवडला तर सोआवे तुमची, नाही आवडला तर प्रश्नच मिटला.

निवड मी ताटावरून करतो. पाहुणे गच्चीत उभ्याउभ्या गप्पा मारणार, समोर कोथिंबीर वडी, बटाट्याचे काप, फार तर सुरमईचे रवा लावून तळलेले तुकडे, तर पिनो ग्रीजो. तिचा आंबटपणा तेल कापतो, लिंबू पिळल्यासारखा. पण पान मांडून जेवायचं असेल तर सोआवे. मसालेभातावर तूप आणि ओलं खोबरं पडलं की पिनो ग्रीजो नुसती धुऊन जाते. सोआवेचं अंग तिथे टिकतं. डाळिंब्यांच्या उसळीबरोबर तर तिची जोडी मला सगळ्यात जास्त आवडते, कारण वालालाही स्वतःचा जरासा कडवटपणा असतो. तांबडा रस्सा किंवा झणझणीत मिसळ असेल तर दोन्ही बाटल्या फ्रीजमध्येच राहू द्या. तिखटावर अल्कोहोल आणखी चटका देतं. तिथे सोलकढीच बरी.

आता लेबल. सोआवे घेताना ‘क्लासिको’ हा शब्द शोधा. तो जुन्या डोंगराळ पट्ट्यातल्या मालालाच लावता येतो. नुसतं ‘सोआवे’ लिहिलेली बाटली सपाटीवरचीही असू शकते. ‘रेचोतो’ दिसलं तर बाटली परत ठेवा. ती गोड असते, द्राक्षं काही महिने सुकवून केलेली. माझा पुतण्या हौसेने तीच घेऊन आला होता. बेदाण्याच्या गावचा असून त्याला चवीवरूनही कळलं नाही! पिनो ग्रीजोवर ‘देल्ले वेनेत्सिए’ असेल तर ती 2017 मध्ये या नावाने ठरवलेल्या मोठ्या पट्ट्यातली, हलकी, रोजच्या कामाची. ‘आल्तो आदिजे’ असेल तर आल्प्सच्या उतारावरची. तिला जास्त धार आणि जास्त वास. आयात कर भरून इथे येईपर्यंत दोघींची किंमत फुगलेलीच असते, त्यामुळे थोडे जास्त द्यायचेच असतील तर ते डोंगरासाठी द्या.

लेबलवरचं वर्ष नक्की बघा. पिनो ग्रीजो दोन वर्षांच्या आतली घ्यावी. चांगली सोआवे क्लासिको चार-पाच वर्षं सहज काढते. एकदा सवलतीच्या मोहात मी पाच वर्षांची पिनो ग्रीजो उचलली. ती दुकानाच्या काचेत, पश्चिमेच्या उन्हात उभी होती, हे मला दिसलं होतं तरी. घरी ओतली तर रंग फिक्या चहाचा आणि वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये काचेतली बाटली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका, आतल्या थंड खोलीतली मागा.

थंड किती करायची? पिनो ग्रीजो 8 ते 10 अंश, सोआवे 10 ते 12. फ्रीज याहून गार असतो, म्हणून पिनो ग्रीजो पाच-दहा मिनिटं आणि सोआवे वीस मिनिटं आधी बाहेर काढा. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ. पंधरा मिनिटांत काम होतं. पाणी घालायचंच, नुसत्या बर्फात बाटली नीट गार होत नाही. फ्रीझरमध्ये ठेवून विसरू नका. माझ्याकडे एकदा बूच वर ढकललं गेलं आणि मटारच्या पिशव्यांवर वाइनचा बर्फ झाला.

उरलेली पिनो ग्रीजो दुसऱ्या दिवशी संपवावी. सोआवे बूच लावून फ्रीजमध्ये तीन दिवस बरी राहते. मला तर ती दुसऱ्या दिवशीच जास्त आवडते, आदल्या रात्रीच्या डाळिंब्या मुरलेल्या असतात तेव्हा.