निवडणुकीच्या दिवसांत मोबाईलवर विसंबताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक आधी सांगतो, कारण ती शिकलेली माणसंच जास्त करतात. मेसेज कोणी पाठवला, यावरून तो खरा ठरवायचा. "जावईबापूंनी पाठवलाय, ते बँकेत होते." अहो, त्यांनाही तो कोणीतरी पाठवलाच ना!

19 एप्रिल 2024 ला नागपुरात लोकसभेचं मतदान होतं. त्याआधी आमच्या ग्रुपवर एक जुनाच मेसेज फिरत होता: यादीत नाव नसलं तरी आधार कार्ड दाखवून कलम 49ए खाली 'चॅलेंज व्होट' मागा, 'टेंडर व्होट' 14 टक्क्यांवर गेले की फेरमतदान होतं. 2019 पासून हा मेसेज मरायचं नाव घेत नाही. शेजारचे काकाजी महाल भागातून त्रिमूर्तीनगरला राहायला आलेले. त्यांना म्हटलं, यादीत नाव पाहून घ्या. ते म्हणाले, "अरे बाबू, कलम दिलं आहे ना त्यात! तू काऊन टेन्शन घेऊन राहिला?"

भर उन्हात रांगेत उभे राहिले, अधिकाऱ्याशी हुज्जत घातली आणि मत न देताच परतले. संध्याकाळी पाहतो तर त्यांचं नाव महालच्या जुन्या यादीत जसंच्या तसं होतं. तोवर सहा वाजून गेले होते.

निवडणूक नियमांतला 49ए हा मतदान यंत्राच्या रचनेबद्दल आहे. चॅलेंज म्हणजे उमेदवाराच्या एजंटने दोन रुपये भरून एखाद्या मतदाराच्या ओळखीवर घेतलेली हरकत. टेंडर मत मिळतं ते तुमच्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेलं असेल तर, आणि तेही कागदी मतपत्रिकेवर. 14 टक्क्यांचा नियम कुठेच नाही. घर बदललं की यादीतला पत्ता बदलायचा नमुना 8 भरायचा, तोही वेळेत. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादी त्या निवडणुकीपुरती गोठते. मी असं काही आलं की सरळ 1950 या मतदार हेल्पलाइनला फोन लावतो. लोकांना तेवढाही धीर नसतो.

व्हॉट्सअॅपवर दोन बाणांचा, म्हणजे खूपदा पुढे ढकललेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे जातो. तर आमचे बहाद्दर मजकूर कॉपी करून पेस्ट करतात, म्हणजे बाणही गायब! या शॉर्टकटचा मला भयंकर राग आहे.

पेपरचं कात्रण आलं की त्या तारखेचा ई-पेपर उघडा. घरी मी दोन पेपर घेतो, एक माझ्या मताचा आणि एक माझं डोकं फिरवणारा.

जुना व्हिडिओ वाटला तर त्यातलं एक चित्र गुगल लेन्समध्ये टाका.

आता दुसरी लाडकी चूक. दोनदा फसलेला माणूस गोकुळपेठेत तर्री-पोहे खाता खाता जाहीर करतो, "सब मिले हुए है." पेपर विकलेले, चॅनल विकलेले, यंत्रं विकलेली. बाहेरून निवडणुकीत ढवळाढवळ करणाऱ्याला याहून जास्त काय हवं? 21 मे 2016 ला अमेरिकेत ह्यूस्टनच्या एका इस्लामिक केंद्रासमोर दोन गट आमनेसामने उभे होते. दोन्ही मोर्चांचं बोलावणं गेलं होतं ते रशियातून चालवल्या जाणाऱ्या फेसबुक पानांवरून. कोण जिंकतं हे दुय्यम होतं, भांडण लागणं महत्त्वाचं.

संशय जरूर घ्या, पण बूथवरच्या एजंटकडे 17सी मागा. किती मतं पडली याचा तो सहीचा हिशेब मतदान संपल्यावर एजंटांना मिळतो आणि मोजणीच्या दिवशी यंत्रातल्या आकड्याशी ताडून पाहता येतो. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्याही (मत दिलं की छापून पडतात त्या) मोजतात. "सब मिले हुए है" म्हणणाऱ्यांपैकी 17सी पाहिलेला मला अजून भेटायचा आहे.

पैसेवाटप दिसलं तर ग्रुपवर टाकू नका, आचारसंहिता असेपर्यंत निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रारीच्या अॅपवर टाका. तिथे गॅलरीतला फोटो चढत नाही, जागेवरच काढावा लागतो. आमच्या ग्रुपवरचे निम्मे 'पुरावे' तिथेच बाद होतील.