बावखलाकाठची मिस्सा: सप्टेंबरची तयारी

१ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा काळ आता जगभरातल्या अनेक चर्चेसमध्ये सृष्टीसाठी प्रार्थनेचा काळ म्हणून पाळतात. १ सप्टेंबरच्या दिवसाची सुरुवात १९८९ साली ऑर्थोडॉक्स चर्चचे पॅट्रिआर्क दिमित्रिओस पहिले यांनी केली. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तो कॅथॉलिकांनाही लावून दिला. ४ ऑक्टोबर हा असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण. वसईतल्या आपल्या धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या गावांत, हे पाच आठवडे मनापासून पाळायचे असतील, तर तयारीला जुलैअखेर बसावे लागते. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी घोषणा केली की हाती एक रोप, एक फलक आणि एक फोटो एवढेच उरते.

सगळ्यात आधी जागा ठरवा, आणि ती एकच ठरवा. माझा आग्रह बावखलाचा आहे. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: बावखल म्हणजे वाडीत पूर्वजांनी खणलेले गोड्या पाण्याचे तळे. त्यावर रहाट चालायचा, त्यावर केळी, पानवेल, फुले, भाजी पिकायची. पावसाचे पाणी त्यात साठायचे, मुरायचे आणि आसपासच्या विहिरी गोड ठेवायचे. समुद्र इतका जवळ असताना जमिनीखालचे पाणी खारे होऊ न देण्यात या तळ्यांचा मोठा वाटा होता. मोटारपंप आले, रहाट थांबले, टँकरने पाणी विकले जाऊ लागले, वाड्यांची घरे झाली आणि कितीतरी बावखले मातीने भरून टाकली गेली. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपाऱ्यात पाणी तुंबून राहिले, तेव्हा ते मुरायला आणि साठायला जागा का उरली नव्हती, हे सगळ्यांना दिसले.

जागा ठरली की मालकांना भेटा. बहुतेक बावखले भाऊबंदकीत सामाईक आहेत. सातबाऱ्यावर पाच-सात नावे असतात, त्यातले दोन भाऊ बोलत नसतात, एखादा परदेशी असतो. फादरांनी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, सांगितले म्हणून कोणाच्या वाडीत पन्नास माणसे उतरवू नयेत. पालकीय मंडळातल्या, म्हणजे चर्चचे काम पाहणाऱ्या मंडळातल्या, दोघांनी घरोघर जावे, चहा घ्यावा, काय करणार आणि काय करणार नाही ते सांगावे, आणि सर्वांची लेखी संमती घ्यावी. या एका कामाला तीन आठवडे सहज जातात, म्हणूनच जुलै म्हटले.

त्याच फेरीत धर्मशिक्षणाच्या मुलांना बरोबर न्या. त्यांच्याकडे एकच काम द्यायचे: गावातल्या प्रत्येक बावखलाचे नाव विचारून लिहून आणायचे, बुजलेल्यांचेसुद्धा. वाडीतल्या आजी-आजोबांना ही नावे पाठ असतात आणि त्यांच्यामागे ती राहणार नाहीत. उत्पत्तीच्या पुस्तकातला २६वा अध्याय मुलांना आधी वाचून दाखवा. अब्राहामाच्या काळात खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा खणल्या आणि बापाने ठेवलेलीच नावे त्यांना दिली. वसईच्या मुलाला हा उतारा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने पाणी व जमीन वाचवण्यासाठी जो लढा दिला, त्यात मोर्चाला गेलेली माणसे अजून गावात आहेत. फादर २०२४च्या जुलैत आपल्यातून गेले. त्या माणसांना एका रविवारी मुलांसमोर बसवा आणि मुलांना प्रश्न विचारू द्या.

उपासनेची तयारी वेगळ्या वहीत लिहा. पहिली मिस्सा बावखलाच्या काठावर करायची असेल तर प्रमुख धर्मगुरूंशी महिनाभर आधी बोला. पाऊस हमखास असतो, म्हणून वेदीपुरते छप्पर आणि वृद्धांसाठी खुर्च्या लागतील. मंडप मोठा नको. वाचनासाठी उत्पत्ती २६, नाहीतर २:१५, जिथे देव माणसाला एदेन बागेत तिची मशागत व राखण करायला ठेवतो. स्तोत्र १०४ गायकवृंदाने आधीपासून बसवावे. ते लांब आहे, पण त्यात झरे, पाखरे, गुरे, समुद्र सगळे येते, म्हणून कापू नये. श्रद्धावंतांच्या प्रार्थना छापील पुस्तकातून घेऊ नका. एक फुलवाल्या बाईंनी लिहावी, एक केळीच्या बागाईतदाराने, एक पाचूबंदरच्या किंवा नायगावच्या कोळी बांधवाने, एक टँकरच्या पाण्यावर राहणाऱ्या इमारतीतल्या कुटुंबाने. शेवटचे कुटुंब कृपा करून विसरू नका. नव्या इमारतीतला माणूसही आपल्याच चर्चमध्ये येतो, आणि पाण्याचा सगळ्यात जास्त त्रास त्यालाच आहे.

आता कामाचे. सप्टेंबरमध्ये बावखल तुडुंब असते, त्यामुळे गाळ काढायचा विचारही नको. या दिवसांत जलपर्णी आणि प्लास्टिक काढायचे. पाण्यात फक्त पोहता येणारे प्रौढ उतरतील, कमरेला दोर बांधून. मुले काठापासून लांब, हे आधीच ठणकावून सांगा. पायाला जखम असलेल्याने पाण्यात जाऊ नये, गमबूट आणि हातमोजे हवेत. पावसाळ्यात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो, तेव्हा गावातल्या डॉक्टरांचा सल्ला अगोदर घ्या आणि त्या दिवशी त्यांना हजर ठेवा. दिवड हा पाण्यातला साप दिसला तर मारायचा नाही, तो विषारी नसतो. एका बाजूचे गवत तसेच राहू द्या, कारण पाणकोंबडीची वीण पावसाळ्यात चालू असते आणि तिचे घरटे त्याच गवतात असते. उपटलेली जलपर्णी काठावर निथळू द्या, मग दूर नेऊन खतासाठी रचा. काठावरच सोडली तर पहिल्या सरीत परत आत जाते.

समुद्रकिनाऱ्याची सफाई ठेवायची असेल तर वार बघण्याआधी तिथी बघा. कोळ्यांचा हिशोब सोपा आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, आणि साधारण सहा तासांनी ओहोटी. द्वितीयेला भरती दीडच्या सुमारास, म्हणजे सकाळची ओहोटी साडेसाताला, तृतीयेला सव्वाआठला. भुईगाव, राजोडी, कळंब कुठेही सकाळी काम करायचे तर हेच दिवस चांगले. तारीख नक्की करण्यापूर्वी कोळीवाड्यात एकदा विचाराच. सप्टेंबरात गणेश विसर्जन होते आणि त्यानंतर वाळूत मूर्तींचे भाग, निर्माल्य सापडते. ते कचऱ्याच्या पिशवीत टाकायचे नाही. स्थानिक गणेश मंडळाला आधी निरोप द्या, त्यांचे दोन कार्यकर्ते सोबत घ्या, आणि जे सापडेल ते वेगळ्या स्वच्छ चादरीत ठेवून त्यांच्या हाती द्या. शेजाऱ्याच्या श्रद्धेचा मान राखणे हाही या काळाचाच भाग आहे.

झाडे लावण्याबद्दल थोडक्यात. सप्टेंबर उशिराचा आहे, पुढे आठ महिने पाणी घालावे लागेल. जितकी कुटुंबे पाण्याची जबाबदारी नावासकट घेतील, तितकीच रोपे आणा. करंज, उंडी, भेंड, जांभूळ आणा. आपल्या रेताड, खाऱ्या वाऱ्याच्या जमिनीत यातली पहिली तीन तर निभतातच. सुरूची झाडे पुष्कळ झाली.

८ सप्टेंबरला मरियामातेचा जन्मोत्सव. त्याआधीच्या नोव्हेनात, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेत, मुले फुले वाहतात. ती आपल्याच वाडीची हवीत: सोनचाफा, मोगरा, जास्वंद, कर्दळसुद्धा चालेल. थर्माकोल आणि फ्लेक्स नको, हे सजावट करणाऱ्या युवकांना सामान आणण्याआधी सांगा. जेवण ठेवलेत तर केळीच्या पानावर. वसईत पाने विकत आणावी लागली तरी ती शेजारच्या वाडीतूनच येतात, तेवढाच बागाईतदाराला आधार. या प्रार्थनेच्या काळाचा शेवट ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारच्या आसपास येतो. गोराई, मनोरी, उत्तनकडे तेव्हा आगेरा असतो, नव्या भाताच्या लोंब्या आशीर्वादासाठी चर्चमध्ये आणतात. आपल्याकडे ज्यांच्या शेतात अजून भात आहे, त्यांना अर्पणाच्या वेळी सर्वांच्या पुढे चालवा.

खर्च फार नाही आणि तो गावानेच करावा. एक रविवार त्यासाठी दानपेटी ठेवा, हिशोब फलकावर लावा. पाणथळीवर भराव टाकून धंदा करणाऱ्याकडून टोप्या किंवा टी-शर्ट घेऊ नका, कितीही आपला माणूस असला तरी. त्याचे नाव पाठीवर घेऊन बावखलाकाठी स्तोत्र म्हणता येणार नाही.

शेवटची बैठक ४ ऑक्टोबरनंतरच्या आठवड्यात, आणि तिची तारीख आत्ताच वहीत लिहा. तिथे तीन गोष्टी ठरतील. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बावखलाच्या पाण्याची खोली आणि खारेपणा कोण मोजणार. शाळेच्या प्रयोगशाळेतून पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर मिळतो, खोलीला खुणा केलेला बांबू पुरतो. डासांसाठी गप्पी मासे सोडायला पालिकेच्या मलेरिया विभागाला पत्र कोण देणार. आणि एप्रिल-मेमध्ये पाणी तळाला गेल्यावर गाळ काढायला पंप व ट्रॅक्टर कोणाचा, तो गाळ कोणाच्या वाफ्यात पडणार. गाळ उत्तम खत आहे, घेणारे दोन-तीन शेतकरी लगेच मिळतात. त्यांच्याकडूनच ट्रॅक्टरच्या डिझेलचे ठरवून घ्या.