दम्याच्या फुफ्फुसातली हवा लॅपटॉपवर कशी मांडायची

बेळगाव-खानापूर-निपाणीकडची इंजिनिअरिंगची पोरं शेवटच्या वर्षाला फुफ्फुसातल्या हवेचं मॉडेल करायचं म्हणतात ते मला मनापासून आवडतं, कारण आमच्याकडं तंबाखूच्या वखारीची धूळ म्हणा, उद्यमबागेतल्या फाउंड्रीची म्हणा, छाती वाजणारं कुणीतरी बहुतेकांच्या ओळखीत असतंय. फक्त पहिल्याच दिवशी थ्रीडी सीएफडीला, म्हणजे कॉम्प्युटरवर हवेचा प्रवाह सोडवण्याच्या जड पद्धतीला, हात घालू नका. आधी नळ्यांचं झाड करा, पायथॉन पुरे.

मापं वायबेल ह्या संशोधकाच्या फुफ्फुसाच्या १९६३ च्या मॉडेलमधनं घ्या. श्वासनलिका म्हणजे शून्य पिढी, व्यास १.८ सेंमी, लांबी १२ सेंमी, आणि पुढं प्रत्येक नळीला दोन फाटे, असं २३ पिढ्यांपर्यंत. हवा नुसती वाहून नेणाऱ्या नळ्या १६ व्या पिढीपर्यंतच आहेत, तेवढंच घ्या, सव्वा लाखावर नळ्या होतात आणि साधा लॅपटॉप आरामात चालवतो.

प्रत्येक नळीचा रेझिस्टन्स, म्हणजे हवेला होणारा अडथळा, पॉइजविलच्या सूत्रानं काढा: ८ गुणिले व्हिस्कॉसिटी (हवेचा चिकटपणा) गुणिले लांबी, भागिले पाय गुणिले त्रिज्येचा चौथा घात. हवेची व्हिस्कॉसिटी ०.००००१८ पास्कल-सेकंद. सगळं मीटरमध्ये घातलं की श्वासनलिकेचं उत्तर ८४० च्या आसपास यायला पाहिजे, आणि ५० च्या आसपास आलं तर त्रिज्येच्या जागी व्यास पडलाय असं समजा. मग खालनं वर चढत या, दोन फाटे पॅरलल, त्यांच्यावरची नळी सिरीजमध्ये.

एकूण उत्तर खऱ्या माणसापेक्षा कमी येईल, घाबरू नका. सेकंदाला अर्धा लिटर हवा ओढली तर श्वासनलिकेत रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह संथ की खळबळीचा ते सांगणारा आकडा) २३०० च्या घरात जातोय, तिथं संथ प्रवाहाचं पॉइजविल पुरत नाही, वरच्या पिढ्यांना पेडलीचं करेक्शन, म्हणजे रेझिस्टन्स वाढवणारी दुरुस्ती, लावा.

आता दमा, आणि बहुतेक प्रोजेक्ट इथंच फसतात. चौथा घात असल्यामुळं त्रिज्या ४० टक्के घटली की रेझिस्टन्स पावणेआठ पट होतो, निम्मी झाली की १६ पट. म्हणून लोक काय करतात, ८ ते १४ पिढ्यांतल्या सगळ्या नळ्या सारख्याच आवळतात, एकूण रेझिस्टन्स वाढलेला दाखवतात आणि झालं म्हणतात. पण असं केलं तर टोकाच्या ६५,५३६ नळ्यांना हवा पहिल्यासारखीच समान मिळतेय बघा, आणि खरा दमा तसा नसतोय, तो ठिगळाठिगळानं असतोय. उसाला पाट सोडल्यावर चार सऱ्या गाळानं भरल्या की पाणी बाकीच्या सऱ्यांत जास्त धावतंय, अगदी तसं. व्हेनेगास ह्या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी २००५ साली मॉडेल आणि पेट स्कॅन (फुफ्फुसात हवा कुठं पोचते ते दाखवणारा स्कॅन) दोन्हीतनं हे दाखवलंय, आणि त्यांच्या मॉडेलमध्ये झाड जवळजवळ एकसारखं असलं तरी आवळणं आपोआप घोळक्यानं जमतंय.

तेव्हा आठव्या पिढीच्या २५६ फांद्यांतल्या काही रँडम निवडा, फक्त त्यांच्याखालच्या नळ्या आवळा, रँडम सीड (निवड ठरवणारा सुरुवातीचा आकडा) बदलून परत परत चालवा. मग टोकांच्या फ्लोचा हिस्टोग्राम, म्हणजे किती टोकांना किती हवा मिळते त्याचा काठ्यांचा आलेख, काढा, निरोगी, सरसकट आवळलेलं आणि ठिगळाचं असे तिन्ही शेजारी शेजारी. निरोगीत एकच उभी काठी दिसेल, सरसकटमध्येही एकच, ठिगळाच्यात मात्र कुठं हवा भरपूर आणि कुठं जवळजवळ बंद. तुमच्या प्रोजेक्टचा जीव ह्या आकृतीत आहे, गाईडला पहिली हीच दाखवा.

थ्रीडी करायचंच असेल तर त्यानंतर करा. सार्वजनिक डेटासेटमधला सीटी थ्रीडी स्लायसरमध्ये उघडून वायुमार्ग वेगळा काढा, एसटीएल (थ्रीडी आकाराची फाइल) करून ओपनफोममध्ये मेश करा, म्हणजे बारीक तुकड्यांचं जाळं पाडा, दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. घशाचा भाग कापू नका, स्वरयंत्राच्या अरुंद फटीतनं हवेचा जो झोत सुटतो तो श्वासनलिकेतला फ्लो बदलून टाकतोय. आणि आउटलेटला, म्हणजे मॉडेलमधल्या नळ्या जिथं संपतात त्या तोंडांना, सगळीकडं शून्य प्रेशर ठेवू नका, झाडातनं आलेला रेझिस्टन्स प्रत्येक आउटलेटला लावा, कारण आवळलेल्या बारीक नळ्या सीटीत दिसतच नाहीत, त्या आउटलेटच्या पलीकडं राहतात, आणि मग दमा मॉडेलमधनं गायबच होतोय.